आमच्या कॉलेजने लढलेलं युद्ध

कॉलेजातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपसूक साचतात, स्टाफरूमच्या कपाटावर न तपासलेली जर्नल्स साचतात तसे. कोणी कपाटाला जरा धक्का मारला, की सगळे डोक्यावर! परवा चहा पिताना फिजिक्सचे भोयर सर एवढंच म्हणाले, "काऊन जी, लढाईच्या दिवसातलं आठवते का कोनाले?" झालं! दोघांच्या तासिका बुडाल्या आणि पोरांनी मनातल्या मनात आमचे आभार मानले.

आमचं कॉलेज आलापल्लीच्या बाहेर, सागवानाच्या जंगलाला टेकून. त्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. सीमा आमच्यापासून किती लांब, हे मी भूगोलाचा मास्तर असून सांगत नाही, कारण आमच्या प्राचार्यांना ती कंपाउंडच्या पलीकडेच दिसत होती!

खरं म्हणजे ती आमच्यातल्या एकाच्याच घरात शिरली होती. आमच्या ग्रंथपाल मेश्राम मॅडम. त्यांचा एकुलता एक प्रशिक फौजेत, आणि नेमका तिकडेच. पुढे निघताना त्याने फोन केला होता, "आई, आता काई दिवस फोन लागनार नाई. घाबरजो नको." तेव्हापासून मॅडमचा मोबाइल काउंटरवर, रबरी शिक्क्याच्या बाजूला पडलेला असायचा. कोणी पुस्तक मागितलं, तरी त्या आधी मोबाइलकडे बघायच्या आणि मग माणसाकडे. हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. पण एका बाईजवळ जाऊन दोन शब्द बोलण्यापेक्षा अख्ख्या देशाला मदत करणं सोपं असतं. म्हणून आम्ही देशाला मदत केली.

*

पहिली मीटिंग. प्राचार्य उभे राहिले, टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला.

"मित्रहो! उद्या इतिहास विचारेल, देश संकटात होता तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"पेपर तपासून राह्यलो होतो सर," भोयर म्हणाले.

लगेच 'युद्ध सहाय्य समिती' स्थापन झाली. देशासाठी प्राण द्यायला सगळेच तयार होते, फक्त सचिवपद दुसऱ्याला द्यायला कोणी तयार नव्हतं. सीनियॉरिटी निघाली, जुनी भांडणं निघाली, कोणाच्या पोरीच्या लग्नात कोण जेवलं नाही तेही निघालं. शेवटी अध्यक्ष, कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सहसचिव करता करता सगळा स्टाफ पदाधिकारी झाला. साधा सदस्य म्हणून आमचे सीनियर शिपाई मडावी भाऊ तेवढे उरले.

"आपण सीमेवरचे लोक!" प्राचार्य गरजले. "आपली जबाबदारी मोठी आहे!"

मडावी भाऊ सांडलेला चहा पुसत होते. म्हणाले, "आपली सीमा त तेलंगणाची हाय जी सर. तिकडं आपली मानसं मिरची तोडाले जातेत. त्याइच्यासंगं लढाचं हाय का?"

*

मग ठरली ब्लॅकआउटची तालीम. रिक्षावर भोंगा बांधून दिवसभर पुकारा केला, 'रात्री आठला शिट्टी वाजेल, सर्वांनी दिवे बंद करावेत!'

आता आमच्याकडे दिवे बंद करायला शत्रूचं विमान कशाला पाहिजे? जरा वारा सुटला की काम होतं. त्या दिवशीही संध्याकाळी वावटळ आली आणि सगळी लाइन गेली. प्राचार्य तरीही शिट्टी घेऊन गच्चीवर. तत्त्वाचे पक्के! अंधारात उभं राहून त्यांनी अंधार करण्याची शिट्टी फुंकली.

आणि लाइन आली!

अख्खं गाव ओरडलं, "आलीऽऽ!" पोरं नाचली, टीव्ही बोंबलले, कोणाकडे तरी मिक्सर सुरू झाला. प्राचार्य वरून ओरडताहेत, "बंद करा! बंद करा!" ऐकतो कोण? मेश्राम मॅडमनी तर आधी धावत जाऊन मोबाइल चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवसापासून प्राचार्यांच्या जिवाला ताप. लाइन गेली, की दारात दोन-चार बाया उभ्या. "सर, घरी हाव का? एक शिट्टी मारता का जी?"

*

त्यानंतर खंदक. बॉम्ब पडला तर विद्यार्थी कुठे लपणार? विद्यार्थी तर आधीच तेंदूपत्ता तोडायच्या हंगामात जंगलात लपले होते, पण ते असो. हाती लागली तेवढी पोरं धरून मागच्या मैदानात खोदायला सुरुवात झाली. जंगलातली पोरं, हात चालणारे. दुपारपर्यंत असा खंदक झाला, की प्राचार्य स्वतः आत उतरून हात उंचावत फोटो काढून आले.

तेवढ्यात मोटरसायकलवर फॉरेस्ट गार्ड.

"हे कोनाच्या परवानगीनं खोदून राह्यले?"

"अहो, युद्ध सुरू आहे! विमान आलं म्हणजे?"

"विमान येऊ द्या न सर. पर तुमचं कॉलेज त्या खांबापर्यंत हाय. हे इकडची जमीन रिझर्व्ह फॉरेस्ट हाय. पंचनामा करा लागंल."

देशरक्षण एका बाजूला आणि पंचनामा एका बाजूला! संध्याकाळच्या आत खंदक बुजला. खोदणारी पोरं तीच, बुजवणारी तीच. समितीच्या अहवालात मात्र दोन उपक्रम दाखवले, 'खंदक खोदणे' आणि 'खंदक बुजवणे'. दोन्ही यशस्वी.

*

मग जवानांना भेटवस्तू. लोकांनी काय दिलं म्हणता? भर उन्हाळ्यात स्वेटर! लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं. एका सरांनी एका बाजूने फाटलेली छत्री दिली. मी म्हटलं, "सर, हे?" तर म्हणाले, "अर्धा जवान तरी भिजनार नाई."

आमच्या बायकांनी मात्र मनापासून मोहफुलांचे लाडू केले. तुपातले, तीळ घालून. खोका शिवला आणि भोयर सर आणि मी पोस्टात गेलो.

"कुठी पाठवाचं हाय?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

भोयर सरांनी छाती फुगवली. "सीमेवर!"

"पिनकोड?"

आम्ही खोका घेऊन परत. प्राचार्य म्हणाले, मेश्राम मॅडमना विचारा, त्यांचा मुलगाच तिथे आहे. मॅडमनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. "त्याच्या पत्त्यात गाव नसते सर. नुसते आकडे असतेत. तो कुठी हाय, मले कुठी माहीत हाय?" एवढं म्हणून त्या कॅटलॉगच्या ड्रॉवरकडे वळल्या. आम्हाला तिथे उभं राहवेना, ते आकडे मागायचे तर राहूनच गेले.

लाडू लायब्ररीतच ठेवले. आठवडाभर वास दरवळत होता. कार्याध्यक्ष आधी 'टिकतात का ते बघायला' एक घेऊन गेले. मग उपाध्यक्ष गेले. खाल्ल्या लाडवाला जागून सांगतो, फार चांगले टिकले होते!

*

रक्तदान शिबिराला जवळच्या अहेरीहून डॉक्टर आले. रक्तदान कसलं, आमच्या स्टाफचं आरोग्य शिबिरच ते! जो तो एकेक आजार घेऊन हजर. कोणाला बीपी, कोणाला शुगर, कोणाचा चतुर्थीचा उपास. चतुर्थी होऊन गेली होती, तरी त्यांचा सुटला नव्हता! प्राचार्य कॉटवर आडवे झाले, कोपरात कापूस ठेवला, फोटो झाला, उठले. डॉक्टर म्हणाले, "सर, सुई राहिली!" प्राचार्य म्हणाले, "भावना महत्त्वाची."

मेश्राम मॅडम मात्र रांगेत उभ्या. डॉक्टरांनी वजन केलं आणि मान हलवली. "मॅडम, वजन कमी आहे. नाही घेता येणार."

मॅडम काट्यावरून उतरल्या. लायब्ररीत गेल्या आणि थोड्या वेळानं खांद्याला पिशवी लावून परत आल्या, पुन्हा काट्यावर चढल्या. पिशवीत शब्दकोशाचे दोन जाड खंड!

मी हसणार होतो. खरंच सांगतो, ओठांवर आलं होतं.

"पिशवी खाली ठेवा बरं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"घ्या न हो डॉक्टर. कोनाच्या तरी पोराले लागत असंल तिकडं."

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, बिस्किटाचा पुडा दिला. त्या पुडा हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या.

*

आणि मग युद्ध थांबलं. टीव्हीवर पेढे वाटले. प्रशिकचा फोन मात्र आला नाही. एक दिवस, दोन दिवस… मॅडमनी रजा टाकली. आयुष्यात कधी रजा न घेणारी बाई!

समितीचा एक कार्यक्रम शिल्लक होता, सैनिकाच्या आईचा सत्कार. प्राचार्य म्हणाले, "त्या रजेवर आहेत ना? उत्तम! घरी जाऊन सरप्राइज देऊ. शिस्तीत, सैनिकी थाटात. सर्वांनी पांढरे कपडे!"

मॅडमच्या व्हॉट्सॲपवरचा प्रशिकचा वर्दीतला फोटो काढून मोठा करायला अहेरीच्या फ्रेमवाल्याकडे दिला. त्यानं सुंदर फ्रेम केली, आणि वर चंदनाचा हार फुकट घातला. त्याच्या दुकानातून एवढा मोठा फोटो हाराशिवाय कधी बाहेर पडलेलाच नाही! प्राचार्य खूश. "बरं झालं. फुलांचा उन्हात सुकला असता."

एवढे आम्ही शिकलेले. नेट-सेट, पीएचडी. एकाच्याही डोक्यात आलं नाही!

निघालो. पुढे वर्दीतले चार कॅडेट्स, संथ पावलं टाकत. मागे भोयर सर, छातीशी हार घातलेला फोटो. त्यांच्यामागे शाल घेऊन प्राचार्य आणि पांढऱ्या कपड्यातला सगळा स्टाफ. बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद.

मॅडम ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर केली. आधी कॅडेट्स दिसले, मग आम्ही, मग फोटो.

सूप हातातून सुटलं. त्या उठल्या. खांब धरला आणि धरूनच राहिल्या. शेजारची म्हातारी "माय वोऽऽ!" करून धावली, तिच्यामागे चार घरच्या बाया. रडारड सुरू झाली. प्राचार्यांना वाटलं, अभिमान दाटून आला. त्यांनी घसा खाकरला.

"आपला प्रशिक आता फक्त तुमचा राहिला नाही. तो साऱ्या देशाचा झाला!"

रडणं दुप्पट झालं. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "सर, कवा आनून राह्यले त्याले?"

"कोणाला?" प्राचार्य म्हणाले.

मला तेव्हा कळलं. मी ओरडलो, "मॅडम, तसं काही नाही हो! सत्कार आहे! प्रशिक बरा आहे!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले फोन आला त्याचा?"

मी भोयरांकडे पाहिलं. भोयरांनी कार्याध्यक्षांकडे. कार्याध्यक्षांनी तिन्ही उपाध्यक्षांकडे. कोणालाच काही माहीत नव्हतं.

"मंग कोनाले विचारून हार घातला माह्या पोराच्या फोटोले?"

त्या पायऱ्या उतरल्या. भोयर सरांच्या हातातल्या फोटोवरचा हार काढला आणि प्राचार्यांच्या गळ्यात घातला. काच पदरानं पुसली, फोटो घेऊन आत गेल्या आणि दार लावलं.

सत्काराच्या बातमीसाठी आम्हीच आणलेल्या वार्ताहरानं तेवढ्यात फोटो मारला होता. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर प्राचार्य, गळ्यात चंदनाचा हार, मागे पांढऱ्या कपड्यात मान खाली घातलेला स्टाफ.

पुढे दोन दिवसांनी मॅडम कामावर आल्या. आम्ही सगळे माफी मागायला लायब्ररीत गेलो, काउंटरसमोर शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे. सगळ्यात पुढे प्राचार्य. "मॅडम, आमचा हेतू…" एवढंच ते बोलले आणि मोबाइल वाजला.

मॅडमनी फोनवर अशी झडप घातली, की उचलता उचलता स्पीकर सुरू झाला.

"आई!"

काय सांगू तुम्हाला! भोयर सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझे डोळे भरून आले. मडावी भाऊंनी दारात हात जोडले. मॅडमच्या गालांवरून नुसतं पाणी वाहत होतं.

"आई, आयकून राह्यली न? मी एकदम चांगला हाव. मोबाइल आताच परत भेटला आमाले. चालू केला त गावच्या ग्रुपवर पह्यला तोच फोटो दिसला. काऊन वो आई, तुमचे प्राचार्य गेले का?"

मॅडमनी डोळे पुसले आणि प्राचार्यांकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

"नाई बाबू, इथीच समोर उभे हायेत," त्या म्हणाल्या. "तू जेवला का?"