चिलिंगच्या खोलीतले ग्रीक

दुष्काळात आमच्या सोसायटीचं दूध आटत गेलं, किस्से मात्र वाढत गेले. केज तालुक्यातली छोटी दूध सोसायटी आमची. मी तिथं फॅट तपासायचे. दुपारी काम नसायचं, आणि दूध थंड करायच्या मशीनशेजारची खोली तेवढी गार. तिथं कांबळे सर आम्हाला वाचून दाखवायचे. सर अंबाजोगाईच्या कॉलेजातून रिटायर झालेले. दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपातल्या विद्वानांचे लेख त्यांनी मराठीत उतरवून फायलीला लावले होते. त्यांच्या मॅडम वारल्यापासून घरी ऐकणारं कुणी नव्हतं. ही दुपार हाच त्यांचा आधार होता.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, एक युद्ध संपलं होतं, दुसरं तोंडावर होतं, आणि ही मंडळी सांगत होती की जुने ग्रीक-रोमन ग्रंथ परत वाचा, माणूस सगळ्यात आधी.

मशीनचे मेकॅनिक रशीदभाई बोलले, "घर पेटायलंय अन् हे पुस्तकं कावून उघडायलेत?"

"त्यांचे शेजारीबी हेच विचारत होते," सर हसले.

एकदा सरांनी सांगितलं, ह्यांच्यातलेच काही शिस्तीच्या नादात हुकूमशहांच्या मागं गेले. आमचे सेक्रेटरी बबनराव भडकलेच. "म्हंजे इतकं वाचूनबी माणूस बिघडतोच की. मग उपेग काय?"

"म्हणून तर एकट्यानं वाचायचं न्हाई. अडवणारं कुणीतरी शेजारी पाहिजे."

मोबाईलवर कुणी तावातावानं काही पाठवलं की मला हे हमखास आठवतं.

हेच बबनराव एकदा पाण्याच्या टँकरवर. दोन गल्ल्यांची जुंपलेली, आणि एरवी पहिला आवाज ह्यांचाच. त्या दिवशी म्हणाले, "थांबा, आधी समोरच्याचं ऐकून घ्या. ग्रीक लोकांत तशी रीत होती."

पाण्याला आलेल्या सखूबाईंनी घागर न सोडता विचारलं, "कुठल्या गावचे हो ते?"

"लई लांबचे हायत. पन त्यांनाबी तहान लागायची."

दोन्ही गल्ल्या हसल्या आणि एकच रांग लागली.

मे महिन्यात दूध इतकं घटलं की मशीनच बंद केलं. खोली तव्यासारखी तापली. बबनरावांनी रीतसर ठराव मांडला, पाऊस पडेपर्यंत वाचन बंद ठेवावं. आम्हाला सोसायटीची सवय, चहा मागवायचा तरी सूचक आणि अनुमोदक लागतात. सरांनी फाईलची दोरी बांधली आणि फाईल मांडीवर घेतली. मला फार वाईट वाटलं.

"सूचक मीच," बबनराव म्हणाले. "अनुमोदक कोण?"

मी पायाकडं बघत राहिले. रशीदभाईंनी घाम पुसला आणि रुमाल खिशात ठेवला.

बबनरावांनी परत एकदा विचारलं. मग खुर्ची ओढून बसले.

"सर, कुठल्या पानावर होतो आपण?"