खालून आलेला जवाब

आम्ही तिघं तिला बीच म्हणायचो. आदिलाबादहून तासाभरावर, उन्हाळ्यात पैनगंगेच्या पात्रात जी वाळू उघडी पडते, तिला. तिघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं. अलीकडे आम्ही, पलीकडे महाराष्ट्र, मध्ये घोट्याएवढी धार. पात्राच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा होता आणि त्यावर एक डांगरवाडी. टरबुजाचे वेल, एक झोपडी, दोन शेळ्या.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. कॉलेजात होतो. आमचा गिटारवाला बेल्लमपल्लीचा, खाणीच्या क्वार्टरात वाढलेला. तिथल्या एका मास्तरांकडून तो तीन कॉर्ड शिकला होता आणि तेवढ्यावर त्यानं आम्हाला रॉक म्हणजे काय ते पटवलं होतं. गाणारा वकिलाचा मुलगा, जिभेला हाड नसलेला. मी ड्रम वाजवायचो. ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडवाल्याकडून आणलेला मोठा ढोल, दोन कोंगो आणि एक चेपलेली झांज. आम्ही स्वतःला फार मोठे समजत होतो. आता त्याचा राग येतो.

त्या मे महिन्यात आम्ही वर्गातल्या वीसेक जणांना टेम्पोत घालून सकाळीच वाळूवर नेलं. मंडपवाल्याचा जनरेटर, दोन भोंगे, माझ्या मामाचा टेपरेकॉर्डर. तारा जोडत होतो, तेवढ्यात वाडीवाला धार ओलांडून आला. डोक्यावर बाजारात न्यायची डांगरं होती.

"पोट्टेहो, वाजवा, काई हरकत नाई," तो म्हणाला. "पण दुपारून बंद ठेवा. मी बाजाराले चाललो, घरची एकटी हाय वाडीत."

"काऊन, भेते का ते आवाजाले?" गाणाऱ्यानं विचारलं.

"भेत नाई. वरतं अवकाळी पाऊस होऊन पानी आलं का वरच्या गावात डफडं वाजते. ते आयकू आलं पायजे तिले. आयकलं का ती निंगते, अर्ध्या तासात पानी येते."

मेमध्ये कुठलं पाणी, असं आमच्या तोंडावर स्पष्ट दिसत असणार. तरी आम्ही शब्द दिला. बारा वाजता बंद. गाणाऱ्यानं तर गळ्याची शपथ घेतली, आणि वाडीवाल्याला ती खरी वाटली.

सकाळचा कार्यक्रम झकास झाला. पोरं वाळूत नाचली, धारेत लोळली. वाडीवालीनं आमच्यासाठी दोन डांगरं फोडून आणली आणि माझ्या ढोलाकडे बघत म्हणाली, "भाऊ, तुमचा हात चांगला हाय. पन किती रागानं मारता!" ती आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मला तिचं ते बोलणं फार आवडलं. बाराला आम्ही खरंच बंद केलं. पोरं टेम्पोनं परत गेली. सामान न्यायला टेम्पो पाचला येणार होता.

मग आम्ही कॅसेट लावून ऐकली. नुसता वारा. गाणं नाहीच, फडफड आणि फुसफुस.

गिटारवाला दुसऱ्या दिवशी गावी जाणार होता. "एकच," तो म्हणाला. "एकदाच नीट रेकॉर्ड करू. दहा मिनिटं." मी वाडीकडे पाहिलं. ती झोपडीच्या सावलीत बसून काहीतरी निवडत होती. वर आभाळ कोरं, ढगाचा ठिपका नाही. आम्ही टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळला आणि जनरेटर सुरू केला. कोणीच कोणाला अडवलं नाही. मीही नाही.

दुसरं कडवं संपता संपता मला तो आवाज आला. लांबून, धारेच्या वरच्या अंगानं. डफडं. जलद, एकसारखं. लग्नसराई होती, त्या महिन्यात डफडं कुठंही वाजायचं. हेच तर ते नाही, असं माझ्या मनात आलं. आलं, आणि गेलं. कारण गाणारा माइकवर ओरडला होता, "आयका! पलीकडचं गाव आपल्यासंगं वाजवून राह्यलं!"

माझ्या अंगात आलं. मी डफड्याची चाल उचलली आणि ढोलावर तीच परत पाठवली, आणखी जोरात. ते वाजलं, मी वाजवलं. ते वाजलं, मी वाजवलं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही. थोड्या वेळानं डफडं थांबलं. मला वाटलं, मी जिंकलो.

आम्ही गाणं पूर्ण केलं. वर आणखी एक घेतलं.

आधी धार गढूळ झाली. मग थंड वारा आला आणि त्याबरोबर ओल्या मातीचा वास. वाडीतल्या शेळ्या ओरडायला लागल्या. मी मान वळवली तेव्हा काड्या, कडबा आणि फेस पुढं ढकलत पाणी वळणावर आलं होतं. आम्ही टेपरेकॉर्डर उचलून दरडीवर पळालो. ती झोपडीतून बाहेर आली. आमच्याकडे बघून तिनं दोन्ही हात वर केले. आमच्यापैकी एकालाही पोहता येत नव्हतं. बीचवर आलो होतो आणि पोहता येत नव्हतं. आम्ही नुसते ओरडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती दोन कोसांवर सापडली.

अलीकडच्या काठावरच्या गावच्या चावडीत बयान घेतलं. गावातले निम्मे लोक बाजारात, निम्मे लग्नाला गेलेले. आवाज ऐकणारं कोणी नव्हतं. गाणं किती वाजता बंद केलं, असं विचारल्यावर गाणारा शांतपणे म्हणाला, "बारा वाजता." गिटारवाला खाली बघत होता. मी मान हलवली. पोरांनीही तेच सांगितलं. त्यांच्यासाठी ते खरंच होतं.

पलीकडच्या, वरच्या गावातून डफडेवाल्याला बोलावलं होतं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. तो एकच सांगत होता. "जवाब भेटेपर्यंत हात थांबवाचा नाई, आमची रीत हाय. खालच्या गावानं वाजवलं का समजाचं, आयकलं त्यायनं. मले खालून जवाब आला. म्हनून थांबलो."

"किसने दिया जवाब?" लिहिणाऱ्या साहेबानं विचारलं.

खालचं गाव म्हणजे हेच. इथं कोणी वाजवलंच नव्हतं, कोणी ऐकलंही नव्हतं. डफडेवाला प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेला. माझ्याकडेही पाहिलं त्यानं. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते, मी मुठी आवळून उभा होतो. मागून कोणीतरी म्हणालं, प्याला असेल. लोकांना ते लगेच पटलं. वाडीवाला कोपऱ्यात बसला होता. तो उठला, डफडेवाल्याच्या पायाशी थुंकला आणि बाहेर गेला. ती थुंकी माझ्या वाट्याची होती.

त्या वर्षी गावानं डफडेवाल्याकडून डफडं काढून घेतलं, असं नंतर कानावर आलं. आम्ही तिघं पुन्हा कधी वाजवलं नाही. एकमेकांशी बोलणंही हळूहळू बंद झालं.

कॅसेट माझ्याकडे आहे. टॉवेलामुळे वारा आला नाही, सगळं स्वच्छ उतरलं. लांबून डफडं, जवळून मी. मी ती एकदाच पूर्ण ऐकली.

दहाएक वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, माझं लग्न होऊन मुलगी झाल्यावर, मी ती खिशात घालून पलीकडच्या गावात गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. डफडेवाला आदल्या पावसाळ्यात वारला होता. त्याच्या बायकोनं मला खाटेवर बसवलं, काळा चहा दिला. मी आदिलाबादचा आणि त्या वेळी नदीवर होतो, एवढंच तिला सांगितलं.

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मरेपर्यंत एकच मनत होता मानूस," ती म्हणाली. "जवाब आला होता, जवाब आला होता. मलेबी पटलं नाई कधी. आखरीले बोलनंच सोडलं होतं मी त्याच्यासंग. बाबू, तुमी तं तिथंच होते. खरंच आला होता का हो जवाब?"

खिशातल्या कॅसेटवर माझा हात होता.

"आठवत नाही, बाई," मी म्हणालो.