एक जानेवारी, सकाळी आठ

इलोनाबाईंची आणि माझी पहिली भेट कचऱ्यावरून झाली. दोन हजार सालानंतर आयटीच्या नोकऱ्यांमागे पुण्या-मुंबईची जी कुटुंबे जपानात आली, त्यांपैकी आमचे एक. टोकियोजवळच्या इचिकावातल्या घरात सामान लागते न लागते तोच शेजारच्या या हंगेरियन बाई माझीच कचऱ्याची पिशवी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाटल्या धुऊन, झाकणे वेगळी काढून कशा ठेवायच्या, हे त्यांनी मला सिंकपाशी उभे राहून शिकवले. जाताना इंग्रजीत म्हणाल्या, "भिंत पातळ आहे. तू गातेस ते ऐकू येतं. शनिवारी ये."

शनिवारी त्या वस्तीतल्या सभागृहात बायकांचे समूहगान घेत. आम्ही चौघी मराठी बायका तिथे जाऊ लागलो. नवरे दिवसभर ऑफिसात, भाषेचा पत्ता नाही, अशा काळात बाईंनी आम्हाला ताठ उभे राहायला शिकवले. सूर चुकला तर त्या रागवत नसत. उशीर झाला तर मात्र खैर नसे. मी तापाने पडले तेव्हा माझ्या मुलीला, सईला, शाळेतून आणून जेवू घालणाऱ्याही त्याच.

पातळ भिंतीतून मलाही ऐकू येई. पहिल्याच एक जानेवारीला सकाळी आठ वाजता बाई एकट्या गात होत्या. विचारल्यावर कळले, हंगेरीत नववर्ष लागताच घरोघरी माणसे उभी राहून राष्ट्रगीत गातात. तिथली मध्यरात्र म्हणजे इथले सकाळचे आठ. गीत कसले, प्रार्थनाच ती: फार सोसलेल्या या लोकांवर देवा, आता दया कर. बाईंच्या लहानपणी सरकारी समारंभांत पुष्कळदा नुसती धून वाजे. देवाचे नाव घेणारे शब्द लोक मनात म्हणत.

"त्या शब्दांनी आम्हाला एकत्र ठेवलं," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या मुलाला, केनलाच मी ते दिले नाहीत. वाटलं, मोठा झाला की शिकेल. तो जपानीतच मोठा झाला."

मला आमची सई आठवली. मी मराठीत विचारावे आणि तिने जपानीत उत्तर द्यावे, हे आमच्याही घरी सुरू झाले होते. मी धसकले.

पुढच्या वर्षी आम्ही चौघी ते गीत गुपचूप शिकून, सईला घेऊन, बाईंच्या स्वयंपाकघरात हजर झालो. पण प्रार्थना म्हटल्यावर आमचे हात कुठले खाली राहतात! दुसऱ्या ओळीला टाळ्या सुरू झाल्या, लय वाढली आणि हंगेरीच्या राष्ट्रगीताची बघता बघता आरती झाली. बाईंनी हात वर करून थांबवले. आम्ही ओशाळलो. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हात खाली. सावकाश. पुन्हा."

दुसऱ्यांदा आम्ही नीट गायलो. मग त्या सईला म्हणाल्या, "आता तुमचं म्हण. टाळ्यांसकट." तेव्हापासून हा आमचा नववर्षाचा नेम झाला. सईचे मराठी टिकले त्यात या नेमाचा मोठा वाटा आहे.

यंदा केनही आले होते. गीत संपेपर्यंत ते दाराशी नुसते उभे राहिले. नंतर त्यांनी सईला जपानीत हळूच विचारले, "मला शिकवशील?" ती दोघे ओळीओळीने म्हणत होती तेव्हा बाई पाठमोऱ्या उभ्या राहून सूप ढवळत होत्या. सूप केव्हाच तयार झाले होते.

इलोनाबाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे मागणे त्यांच्याइतकेच आमच्यासाठीही आहे. बाई, पुढच्या एक जानेवारीला आम्ही आठाच्या आत येतो. हात खाली ठेवू. पहिला सूर तुम्ही द्या. शब्द आता केनना येतात.