वाढत्या अंगाचं

आगाशी सोडली त्या सकाळी टेम्पोत कपाट चढलं, फ्रीज चढला, मुलाची सायकल चढली, आणि भाऊ कुठे दिसेनात. भाऊ म्हणजे माझे वडील. आत्ता आत्तापर्यंत खाकी हाफपँट आणि गंजीवर ते कपाटाला खांदा देत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा भाऊ ओटीवरून उतरले, ते पांढरा फुलशर्ट घालून, मनगटाची बटणं लावून, केसांवर पाण्याचा हात फिरवून. मी मात्र घामाने भिजलेल्या टी-शर्टवर, हमाल दिसावा तसा.

"अवो, पोरगा काय विलायतेला चाललाय?" आई म्हणाली. "वसईला तर चाललाय."

"जानारा कसा पन जाईल," भाऊ म्हणाले. "पाठवनारा बरा दिसायला पायजे."

आई म्हणत होती ते खरंच होतं. लोक दुबईला जातात, कॅनडाला जातात आणि मग गावच्या आठवणी लिहितात. मी विरारच्या पश्चिमेकडल्या आगाशीतून उठून वसईच्या पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत आलो. बस आणि रिक्षा वेळेवर मिळाली तर तासाभराचा रस्ता. माझी बायको मेधा शिकवते ती शाळा तिथून जवळ, मुलाचे क्लास जवळ, माझं ऑफिसही त्यातल्या त्यात सोयीचं. एवढ्याशा अंतराला स्थलांतर म्हणायची लाज वाटते. पण आगाशीत मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखेच रूळ ओलांडून इकडे आलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे, रोज जाणं थांबलं की तासाभराचा रस्तासुद्धा लांबचा होतो.

लहानपणी माझे कपडे बाजारातल्या काशिनाथ टेलरकडे शिवले जायचे. भाऊ मला पुढे उभं करायचे आणि टेप गळ्यातून निघायच्या आधीच सांगायचे, "वाढत्या अंगाचं शिव रे." मग काशिनाथ माझ्या खऱ्या मापात आपल्या मनाचं काहीतरी मिळवायचा. पँटच्या पायात आणि कमरेत एवढं कापड दुमडलेलं असायचं की चालताना जड लागायचं. पहिल्या वर्षी मी त्या पँटमध्ये बुडायचो. दुसऱ्या वर्षी ती बरोबर बसायची, पण तोवर गुडघे विटलेले. तिसऱ्या वर्षी दुमड उसवून ती लांब केली जायची आणि जुन्या घडीची गडद रेघ पायावर राहायची. शाळेत कुणाची पँट किती जुनी ते त्या रेघांवरून कळायचं. सगळ्यांच्याच पायांवर त्या असल्यामुळे कुणी कुणाला हसत नसे.

माझ्या अंगाला बरोबर बसेल असा कपडा मला नोकरी लागेपर्यंत मिळाला नाही. आणि खरं सांगू, नंतरही मिळाला नाही. दुकानात आरशासमोर उभा राहिलो की माझा हात आपोआप एक साईझ मोठ्याकडे जातो. सेल्समन म्हणतो, सर, हा बरोबर आहे, स्लिम फिट. मी म्हणतो, असू दे, जरा सैल बरा. आता या वयात मी कुठे वाढणार आहे? पोट सोडलं तर कुठेच नाही.

भाऊंचं असं कधी नव्हतं. आमच्या मधल्या खोलीत भिंतीला ओळीने खुंट्या होत्या. एकीवर वाडीत जायची हाफपँट आणि गंजी. दुसरीवर बाजाराचा शर्ट आणि लेंगा. तिसरीवर माझे कपडे. पांढरा फुलशर्ट ट्रंकेत, डांबराच्या गोळीच्या वासात, तो ठेवणीतला. वाडीला पाणी लावून, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पाय धुऊन भाऊ वर यायचे, तेव्हा हाफपँटवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. हे डाग कधी निघत नाहीत आणि भाऊंनी ते काढायचा कधी प्रयत्नही केला नाही. बाजाराच्या शर्टाला मात्र एक डाग चालायचा नाही. तो ते स्वतः धुवायचे आणि झटकून वाळत घालायचे. रात्री घडी गादीखाली ठेवून त्यावर झोपायचे, तीच इस्त्री. कोणत्या कामाला कोणता कपडा हे ठरलेलं होतं, त्यामुळे कपड्यांचा विचार करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. तरी आगाशीच्या बाजारात त्यांच्याइतका नीटनेटका माणूस मला आठवत नाही.

आणि मी? इथे आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. खाली दूध आणायला जातानाही माणूस स्वतःला एकदा बघून घेतो. पहिल्या महिन्यातच कळलं की इथे हाफपँटीलाही दर्जा असतो, चालायला जायची वेगळी, जिममध्ये न जाता जिममधून आल्यासारखी दिसायची वेगळी. ऑफिसला टक-इन, शुक्रवारी पोलो, सोसायटीच्या सत्यनारायणाला कुर्ता, कुणाच्या साखरपुड्याला जाकीट. रात्री थकून पडलो की मोबाईलवर शर्ट बघायचे. का बघायचे ते माहीत नाही. मागवायचे, घालून पाहायचे, परत पाठवायचे, पाठवायचा कंटाळा आला की ठेवून द्यायचे. मेधा म्हणते, "कपाट उघडलं की अंगावर येतं आणि तू सोमवारी घालतोस तोच निळा." ती म्हणते ते खोटं नाही. एवढे कपडे झाले, पण त्यातला एकही घातल्यावर बरं वाटतं असं नाही. सगळे कुणीतरी बघेल म्हणून घेतलेले.

सुरुवातीला दर रविवारी आगाशीला जायचो. गेलो की आधी मधल्या खोलीत जाऊन कपडे बदलायचे. तिसऱ्या खुंटीवर माझी कॉलेजातली हाफपँट अजून होती, काशिनाथनेच शिवलेली, अर्थात वाढत्या अंगाची, म्हणून लग्नानंतरही होत होती. ती चढवली की आठवडा अंगावरून उतरायचा. मग ओटीवर बसायचं, वाडीत एक चक्कर मारायची, आई सुकेळी, उन्हात सुकवलेली गोड केळी, काढून द्यायची ती खायची. हळूहळू रविवारही भरले. मुलाची मॅच, कुणाचा वाढदिवस, नाहीतर नुसती झोप. महिन्यातून एकदा जाणं व्हायला लागलं, तेही तासाभरासाठी. तासाभरासाठी कपडे कोण बदलणार? जीन्सवरच खुर्चीत बसायचो. एकदा भाऊ म्हणाले, "पावना हायस काय? कापडं बदल की." मी म्हटलं, "निघायचंच आहे, भाऊ." ते पुन्हा म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तर जाणं झालंच नाही. व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात भाऊंचा चेहरा, तोही अर्धा, कारण फोन आई धरायची आणि तिला छताचं फार प्रेम. कसे आहात विचारलं की "मस्त" म्हणायचे. खांद्यावर नेहमी टॉवेल असायचा.

दिवाळीच्या आदल्या रविवारी मी त्यांच्यासाठी शर्ट घेऊन गेलो. दुकानात साईझ विचारल्यावर विचार न करता बेचाळीस सांगितलं होतं. जन्मभर त्यांची छाती बेचाळीसच. पांढराच घेतला, फुल बाहीचा, कापड मऊ. त्या दिवशी मला जरा वेळ होता, म्हणून गेल्या गेल्या मधल्या खोलीत शिरलो. तिसरी खुंटी रिकामी.

"आई, माझी हाफपँट?"

आईने वाडीच्या दिशेने पाहिलं. तेवढ्यात भाऊ वाडीतून वर आले. माझी हाफपँट त्यांच्या कमरेला होती, वर केळीच्या वाळक्या सोपटाने करकचून बांधलेली. टॉवेल नव्हता. गळ्याखालची हाडं, दंडावर लोंबणारी कातडी, सगळं एकदम दिसलं. मी शर्टाची पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"पडून व्हती," हाफपँटकडे बघत ते म्हणाले. "माझी आता ऱ्हात नाय कमरेवर."

मग जणू काही झालंच नाही अशा उत्साहाने त्यांनी शर्ट घातला. खांद्याची शिवण दंडावर आली, बोटं बाहीत गेली, कॉलरच्या आत मान एवढीशी. आरसा बघायची गरज त्यांना पडली नाही. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. स्वतःच्या छातीवरचं सैल कापड चिमटीत धरून ते म्हणाले, "वाढत्या अंगाचा आनलास काय रे?"

आई हसली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मला हसता आलं नाही. काशिनाथसमोर मी उभा असताना माझ्याकडे बघणारे भाऊ मला आठवले. त्यांना पोर किती वाढेल याचा अंदाज होता. माझा बाप किती कमी झाला याचा मला अंदाज नव्हता.

पावसाच्या सुरुवातीपासून ते उतरत चालले होते. पाणी फार प्यायचे, रात्री सारखे उठायचे. आईने कितीदा फोन हातात घेतला होता. भाऊंनी तिला बजावलं होतं, "त्याला नको सांगू. दमून येतो बिचारा." हे वाक्य आईने मला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि खरोखरच इतका दमलो होतो की उठवेना. माझ्या थकव्याची एवढी काळजी घेतली जात होती आणि मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना विरारला डॉक्टरकडे नेलं. रस्ताभर मनात नको नको ते आलं. निघाली शुगर, भलतीच वाढलेली. डॉक्टर मला बोलले ते मी ऐकून घेतलं. औषधं सुरू झाली, इन्सुलिन सुरू झालं, सुकेळी बंद झाली आणि भाऊंची चिडचिड सुरू झाली. उतरलेलं अंग परत भरेल, पण हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले.

शर्ट बदलून आणतो म्हटलं, तर भाऊ ऐकेनात. काशिनाथच्या पोराकडून आत घेऊन देतो म्हटलं, तर त्याहून नाही.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "भरंन मी."

आता दर रविवारी जातो. अगदीच नाही जमलं तर एखादा चुकतो, पण मग सोमवारी काम संपवून जातो. दमतो तसाच दमतो. फक्त दमलेला जातो आणि तिथे तसाच दिसतो, एवढाच फरक. मोबाईलवर शर्ट बघणं सुटलं, ते ठरवून नव्हे. आपल्याला काय बसतं, काय लागतं, हे जरा कळायला लागल्यावर बघायची वासना गेली. कपाटातले बरेच कपडे देऊन टाकले. निळा ठेवला.

माझी हाफपँट अजून भाऊंकडेच आहे. पहिल्या रविवारी मी रिकाम्या खुंटीसमोर उभा होतो, तेव्हा आईने ट्रंकेतून त्यांची जुनी खाकी काढून दिली, त्यांना आता कमरेला मोठी होणारी, केळीच्या चिकाच्या डागांची. मला ती बरोबर बसली. इतक्या वर्षांत बरोबर बसलेला हा माझा पहिला कपडा. गेलो की आधी तो चढवतो, मगच चहा. घर कुठे असं मला कुणी विचारलं तर पत्ता मी एव्हरशाईनचाच सांगेन, हप्तेही तिथलेच भरतो. पण अंगावरचे कपडे उतरवून डागांचे कपडे घालायला मी जिथे जातो ती जागा आगाशीत आहे.

संध्याकाळी मी जीन्स घालून निघायला लागलो की भाऊ आत जातात आणि तो पांढरा शर्ट घालून येतात. ओटीखाली उभे राहतात. मी त्यांच्या कॉलरमध्ये बोटं घालून बघतो. दिवाळीत चारही बोटं आत जायची. परवा दोन गेली, तिसरं अडलं.

"बघ," भाऊ म्हणाले. "पोर वाढतंय."