सरकारच्या खर्चानं शिकलेल्या आम्ही

अंगणवाडीत दोन गोष्टींचे ढीग लागतात, रजिस्टरांचे आणि किश्शांचे. रजिस्टरं निदान पाटोद्याच्या ऑफिसात नेऊन टाकता येतात. किस्से कुठं टाकणार? ऐकायला कोणी नसलं की ते आणखीच साठतात. आमच्या वस्तीवर दिवाळीनंतर ऐकायला कोणीच नसतं. म्हणून मी ते फुगवून ठेवते, निदान जागा तरी भरते! त्यातले हे आमच्या डिप्लोमाचे. यात खोटं फार थोडं आहे, आणि जे आहे ते चांगलं आहे.

* * *

पहिला किस्सा फुकटाचा.

आम्हा सेविकांची मीटिंग होती. साहेब म्हणाले, "बालशिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी शासन भरणार. दर रविवारी पाटोद्याला वर्ग."

टाळी नाही, काही नाही. फुकट म्हटलं की आमच्या बायका आधी पदर सावरतात.

शेवटी गयाबाई उठल्या. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या. रिटायर व्हायला आल्या तरी आवाज अजून नवाकोरा. "साहेब, सरकार फी भरतंय ते ठीक हाय. पन कावून?"

"तुम्ही शिकावं म्हणून."

"एवढंच ना? त्यात नसबंदीचं टार्गेट बिर्गेट काय न्हाई ना?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही!

मग त्यांनी अट सांगितली. लेखी परीक्षा पास व्हायची, आणि आपापल्या अंगणवाडीत परीक्षक मॅडमसमोर एक पाठ घ्यायचा. पाठ झाला नाही तर वर्ष वाया, आणि फी आपल्या खिशातून.

मी सगळ्यात आधी सही ठोकली. शेजारी बसलेली सेविका शोभा म्हणाली, "मंदाताई, तुमाला शिकायची एवढी हौस?" हौस कसली! मालक जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा पुण्याला कंपनीत. माझ्या घरचा रविवार लई मोठा असतो. तो कुठंतरी नेऊन बसवायचा होता.

* * *

पहिल्याच रविवारी जेवणाची सुट्टी झाली. सगळ्यांनी डबे सोडले आणि सगळ्या उठून उभ्या राहिल्या. हातात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. जिला तिला वाढायचंय, बसायला कोणीच तयार नाही! जन्मभर पोरांच्या पंगती वाढलेल्या बायका, खायला बसायचं कसं तेच विसरलेल्या.

वर्गात बसलेला माणूस एकच, आमचे शिकवणारे सर. पोरगेलेसे, काडीसारखे. सगळा मोर्चा त्यांच्याकडे वळला. पुढ्यात भाकरीची चळत इतकी वाढली की पलीकडून सरांचा फक्त भांग दिसत होता.

आतून आवाज आला, "अहो बाई, पुरे! मला घरी बायको आहे!"

गयाबाई म्हणाल्या, "हाय? मग एवढे वाळलेत कावून?"

* * *

शोभाचा नवरा मांजरसुंब्याच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. शेजारीच तिचा चहा-पोह्याचा गाडा. अंगणवाडीच्या आधी आणि नंतर ती गाड्यावर. बायको शिकतेय म्हणून नवरा फुगलेला. "आता मॅडम झाल्यावर आमाला वळखशील का न्हाई?"

पुस्तकात होतं, मुलानं चांगली गोष्ट केली की लगेच कौतुक करावं, टाळी वाजवावी. एके दिवशी नवऱ्यानं चुकून स्वतःची प्लेट विसळली. शोभानं कडाडून टाळी वाजवली, "शाब्बास!"

तो घाबरला. दुकानात जाऊन कामाच्या पोराला म्हणाला, "बायकोला कायतरी झालंय बे."

पण दुसऱ्या दिवशी त्यानं प्लेट विसळली आणि तिथंच उभा राहिला. शोभा गिऱ्हाइकात गुंतलेली. तो हलेचना. शेवटी खाकरला.

तिनं टाळी वाजवली तेव्हा कुठं गेला! आता म्हणे तिथं थांबणारे ट्रकवालेसुद्धा प्लेटा विसळतात आणि टाळीसाठी रांग लावतात. मागच्या महिन्यात एक तर टाळीसाठी नागपूरहून वाट वाकडी करून आला. तुम्ही विश्वास ठेवू नका, मी ठेवते.

* * *

लेखी परीक्षेआधी आम्ही तिघी नारायणगडावर देवदर्शनाला गेलो. मी मागितलं, पास कर. शोभानं मागितलं, पेपर सोपा येऊ दे. गयाबाई बराच वेळ डोळे मिटून उभ्या.

"काय मागितलंत एवढं?"

"सोप्पा बिप्पा काय नको. शेजारी शोभा बसू दे म्हनलं."

परीक्षेला गेलो. गयाबाईंच्या शेजारी माझा नंबर! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर आढ्याकडे पाहिलं, आणि पेन उघडण्याआधी म्हणाल्या, "नारळ वाया गेला."

तरी पास झाल्या. माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी! माझ्याकडे बघून लिहायचंच नाही असं ठरवल्याचा परिणाम.

* * *

माझा अभ्यास घरी, मोठ्यानं वाचून. तोंडानं बोललं तरच डोक्यात राहतं, आणि घरात आवाजही होतो. समोर शेळी. तिला मी बालविकासाचे सगळे टप्पे ऐकवले. मान हलवायची. तेवढी मान आमच्या वर्गात कोणी हलवली नाही. एका दुपारी मी पाण्याला गेले आणि तिनं तिसरा टप्पा खाल्ला, पानासकट. पुढं ती व्याली, तर करडं दुसऱ्या दिवशी टणाटण उड्या मारायला लागली!

शोभा म्हणाली, "ताई, करडं तशीबी दुसऱ्या दिवशी उड्या मारत्यात."

"मारत्यात. पन ही समजून मारत्यात!"

हे सांगायला पोराला फोन लावला. तो ड्यूटीवर निघालेला. म्हणाला, "आई, ह्या वयात पास होऊन काय करणार तू?"

म्हटलं, "आन् नापास होऊन काय करू?"

तो हसला. मग गाडी आली म्हणाला. तेवढं हसणं मला बरेच दिवस पुरलं.

* * *

आता पाठाचा किस्सा.

माझ्या पाठाची तारीख आली ती दिवाळीनंतर. तोवर वस्ती ऊसतोडीला गेलेली. ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, आणि माझी सगळी पोरं. अंगणवाडीत मी आणि भिंतीवरचा रंगवलेला हत्ती. मॅडमचा फोन आला, "मुलं आहेत ना? मुलं नसतील तर पाठ होणार नाही."

मी म्हटलं, "भरपूर!"

बोलून गेले खरी. मग घरोघर फिरले. मागं राहिलेली सगळी म्हातारी माणसं.

"आबा, उद्या अंगणवाडीत यायचं."

"कावून?"

"चार वर्षांचं व्हायला."

आबांनी विचार केला. "दाढी करून येऊ का?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चटईवर रांगेत सुंदराआजी, धनगराचे आबा, निवृत्तीमामा आणि आणखी दोघंतिघं, हात गुडघ्यावर ठेवून.

मॅडम दारातच थांबल्या. "मुलं कुठं आहेत?"

"बसलीत की."

मग आत आल्या. खुर्चीवर बसल्या, पेन काढलं. मी पाठ सुरू केला. विषय, माझं घर. "बाळांनो, हात वर करायचा, उठायचं आन् घरी कोन कोन हाय ते सांगायचं."

सुंदराआजींनी हात वर केला. गुडघा धरत उठल्या. "पोरगा, सून, तीन नातवंडं..."

आबा खालून ओरडले, "म्हातारे, आत्ता कोन हाय ते सांग!"

आजी थांबल्या. "आत्ता व्हय? आत्ता मी."

"शाब्बास. आबा, तुमी?"

"मी आन् कुत्रं. तेबी जेवाया दुसरीकडं जातंय."

सगळे हसले. निवृत्तीमामा उठले. "माज्या घरी टीव्ही हाय. रिचार्ज न्हाई, पन हाय."

असं करत रांग संपली. सगळी बाळं माझ्याकडे बघत बसली. पुढं काय घ्यायचं ते मला आठवेना. म्हणून सवयीनं विचारलं, "आनखी कोन राह्यलं?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. उठल्या, चपला काढल्या, रांगेच्या शेवटी आबांच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि हात वर केला.