चार उंच, दोन बुटके

"आधी मोजू, मग नाव घेऊ." कुठलंही फूल समोर धरलं की काकांचं हे वाक्य ठरलेलं. मग खिशातलं भिंग डोळ्याला लागे आणि जगाचं काहीही होवो.

सांता क्लारात आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. मूळचे नागपूरचे. युनिव्हर्सिटीत वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून नावाची चिठ्ठी लावायची, ही त्यांची नोकरी. घाई हा प्रकारच माहीत नसलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

ऐंशीच्या दशकातला एक मार्च. बिल्डिंगमागचा उतार पिवळ्या फुलांनी भरला होता. माझ्या बायकोला, मालतीला, पाचवा महिना होता. मोहरीचा पाला समजून तिने तो खुडला, लसणाची फोडणी दिली आणि वाटीभर भाजी खाल्ली. तेवढ्यात शेजारीण सांगत आली की असलीच पिवळी फुलं खाऊन तिच्या वडिलांचा घोडा मेला!

मी फोनकडे धावलो. डॉक्टरांकडे फोन केला, तर नर्सचा पहिला प्रश्न, झाडाचं नाव काय?

फोन तसाच चालू ठेवून मी खालून काकांना ओढत वर आणलं. "काका, प्लीज, पटकन सांगा!"

"आधी मोजू."

खरं सांगतो, त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. त्यांनी ओट्यावरच्या उरलेल्या जुडीतलं एक फूल शांतपणे सोललं. "पाकळ्या चार. मधले केसर सहा. चार उंच, दोन बुटके." मग शेंग उलटसुलट पाहिली. मालती पोटावर हात ठेवून उभी होती.

"घाबरू नकोस पोरी. मोहरीच्या भावकीतलीच आहे, भूमध्य समुद्राकडची. घोडा मारणाऱ्या फुलाला काटे असतात." त्यांनी लॅटिन नाव लिहून दिलं. "हिचं नाव दोन-तीनदा बदललंय बिचारीचं. केसर मात्र तेच."

मी एकेक अक्षर नर्सला सांगितलं. ती शोधून परत येईपर्यंत काका उरलेली भाजी घेऊन मालतीसमोर बसले आणि सगळी संपवली. "मीठ जरा कमी आहे," म्हणाले.

"शी विल बी फाइन," नर्स म्हणाली. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच युनिव्हर्सिटीत शिकताना आमच्या लेकीने त्यांनी त्या दिवशी नेऊन चिकटवलेलं ते पिवळ्या फुलांचं झाड शोधलं आणि आम्हाला दाखवायला नेलं. जुन्या नावाखाली कुणीतरी नव्या नावाची चिठ्ठी लावली होती. जुनं खोडत नाहीत तिथे. झाड गोळा करणाऱ्याच्या नावाच्या जागी काकांच्या बारीक अक्षरात होतं, 'मालती, सोबत एक'.

"बाबा, दॅट्स मी!" लेक म्हणाली.

तळाशी शेरा होता. "भाजी करून खाल्ली. सर्व सुखरूप. मीठ जरा कमी."