केंद्र बंद न ठेवता

प्रेरणाताई आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. म्हणजे त्या गावात कमी आणि प्रशिक्षणात जास्त असतात. माझं किराणा दुकान अंगणवाडीच्या अगदी समोर असल्यामुळे हे मी बसल्या जागेवरून सांगू शकतो. कधी हिंगणघाट, कधी वर्धा, कधी चार किलोमीटरवरचं वडनेर. 'खेळातून शिक्षण' हा विषय त्या आतापर्यंत सात वेळा शिकून आल्या. विषय कुठलाही असो, दर प्रशिक्षणाला एक कापडी पिशवी मिळते. त्यांच्या घरी अशा चौदा पिशव्या आहेत आणि भाजी आणायला त्या फार सोयीच्या पडतात, असं त्या स्वतःच सांगतात. बाईंचा तसा दोष नाही. प्रशिक्षणाला गेल्या नाहीत तर नोटीस येते आणि गेल्या तर मोबाईलवर माहिती भरायची राहिली म्हणून नोटीस येते.

आता मुलांना कसं शिकवावं हे बाई शिकत असताना मुलांना शिकवतं कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सरकारला तो पडत नाही. त्याचं उत्तर धुरपतामावशी. या अंगणवाडीच्या मदतनीस. कागदोपत्री त्यांचं काम झाडणं, पाणी भरणं, खिचडी वाढणं आणि मुलांना घरून आणणं. नऊ वाजता त्या निघतात, दोन पोरं काखेत, बाकीची पदराला, आणि गावातली एकोणीस मुलं गोळा करून आणतात. मग दुपारपर्यंत अंगणवाडीतून जो काही आवाज येतो, तो मावशी आणि त्या एकोणीस जणांचाच असतो.

बावीस वर्षं हे चाललं. या बावीस वर्षांत मावशींना एकाही प्रशिक्षणाला कोणी बोलावलं नाही. त्या सातवी शिकलेल्या, वर मदतनीस. त्यांच्यावर पोहे-चहा कशाला वाया घालवायचा. मावशींना पोह्यांचं काही नव्हतं. त्यांना दुसरीच टोचणी होती. लेकरांना खरं काय शिकवायचं असतं ते तिकडे हिंगणघाटला शिकवतात, ते आपल्याला येत नाही, आणि आपल्या हाताखाली गावातली पिढीच्या पिढी कोरी राहून चालली, असं त्या मनापासून मानत. मूल सोडायला आलेल्या आईला त्या ओशाळून सांगत, "ताई आल्यावर शिकवन. मी तं नुसती राखन करतो." बायकांनाही ते खरं वाटे. येत्या एप्रिलला मावशींना पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे घरी बसायचं होतं. त्याआधी एकदा तरी ते खरं शिकून घ्यावं, निदान शेवटची एकोणीस तरी नीट शिकवावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि या फेब्रुवारीत चमत्कार झाला. मदतनिसांचंही प्रशिक्षण निघालं, वडनेरच्या सभागृहात, एक दिवसाचं. मावशी कागद घेऊन दुकानात आल्या.

"बंडूभाऊ, हे सरकारी मराठी फोडून सांगा बरं. माह्यं नाव हाये म्हनते याच्यात."

मी वाचलं. 'सर्व सेविका व मदतनीस यांनी पूर्णवेळ उपस्थित राहावे. तथापि या कारणास्तव कोणतेही केंद्र बंद राहणार नाही याची दक्षता घ्यावी.'

"म्हंजे?"

"म्हंजे जायचं बी आन् इथं राह्याचं बी."

"एक मानूस दोन जागी कसा राहीन?"

मला थट्टेची सवय आहे, दुकानावर दुसरं काम काय असतं. मी म्हणालो, "मंग केंद्रच संगं घेऊन जा ना, मावशी."

मावशींनी थोडा विचार केला, कागदाची घडी घातली आणि निघून गेल्या. ज्या बाईनं बावीस वर्षं वरून आलेला प्रत्येक कागद पाळला, तिच्याशी सरकारी कागदाची थट्टा करू नये, एवढी अक्कल मला पन्नाशीतही आलेली नव्हती.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी हेमराजचा भाजीचा टेम्पो अंगणवाडीपुढे उभा. हेमराज रोज वांगी-मेथी घेऊन हिंगणघाटच्या बाजाराला जातो, वडनेर त्याच्या वाटेवरच. मावशींनी घरोघर आयांना विचारून घेतलं होतं. मेथीच्या जुड्या एका बाजूला सारून एकोणीस मुलं, खिचडीचं पातेलं, पाण्याचा ड्रम आणि हजेरीची वही, सगळं केंद्र टेम्पोत चढलं. मीही दुकान बायकोवर सोडून चढलो. पोरं धरायला कोणी हवं म्हणून, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मला मजा पाहायची होती.

सभागृहात पन्नास-साठ बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. मागे कापडी फलक होता, त्यावर एक गोरं गोमटं मूल हसत होतं. नागपूरहून आलेल्या गुंजन मॅडम माईकवर सांगत होत्या की मूल हेच आपलं केंद्र आहे. तेवढ्यात दारातून खरी एकोणीस मुलं आत शिरली. एक धावत जाऊन मॅडमच्या पायाशी बसलं, दुसऱ्यानं माईकची वायर धरली, तिसऱ्याला तिथंच शू झाली.

"अरे, ये बच्चे किसके हैं?" मॅडम घाबरून म्हणाल्या. "आज प्रशिक्षण आहे ना? मुलांना कशाला आणलं?"

"जी, लेकरायचंच प्रशिक्षण हाये म्हने," मावशी म्हणाल्या आणि कागद पुढे केला.

मॅडमनी कागद वाचला. कागद त्यांच्याच बाजूनं निघालेला असल्यामुळे त्याला चूक म्हणता येईना. त्यांनी प्रेरणाताईंकडे पाहिलं, प्रेरणाताईंनी छताकडे पाहिलं. शेवटी असं ठरलं की मावशींची सही घ्यावी, त्यांना किट द्यावं, आणि मुलांना घेऊन त्यांनी व्हरांड्यात बसावं, कारण मुलांमुळे बालशिक्षणात अडथळा येतो. दार आतून लावून घेण्यात आलं.

मी खिडकीशी उभा राहिलो. आत आता 'भूमिका' सुरू झाल्या. अर्ध्या बायका मुलं झाल्या, अर्ध्या सेविका. आमच्या प्रेरणाताई, वय बेचाळीस, चार वर्षांची खुळखुळा हरवलेली मुलगी झाल्या आणि इतकं छान रडल्या की टाळ्या पडल्या. बाहेर एक खरी चार वर्षांची मुलगी खरंच रडत होती. मावशींनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि त्या तिला गप्प राहा म्हणत नव्हत्या. बाकीची पोरं टेम्पोतून पडलेल्या मेथीच्या काड्या जोडून रस्ता करत होती. मावशी मधूनच मान उंचावून बंद दाराकडे पाहत. आतलं एखादं वाक्य कानी पडलं की ओठ हलवून ते पाठ करायचा प्रयत्न करत, तेवढ्यात कोणाला तरी तहान लागे. मजा पाहायला गेलेल्या मला त्या दिवशी मजा आली नाही, हे मी कबूल करतो.

पाच वाजता प्रमाणपत्र मिळालं. 'श्रीमती धुरपताबाई यांनी प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.' मावशी व्हरांड्यातून आत गेल्या, फोटो काढला, परत आल्या. परतीच्या टेम्पोत भाजी नव्हती, पोरं सगळी पसरून झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी दुकानात आल्या. हातात किटमधली पुस्तिका.

"आतलं तं मले काई आयकूच आलं नाई, भाऊ. जे शिकोलं ते याच्यात असन. वाचून सांगा. दोन महिने तरी पोट्ट्यायले बराबर शिकोतो."

मावशी सातवी शिकलेल्या होत्या, पण त्या पुस्तिकेतलं मराठी कुठल्याच इयत्तेचं नव्हतं. मी एकेक वाक्य फोडून सांगू लागलो. लिहिलं होतं, अबोल मुलाला प्रश्न विचारून भंडावू नये, त्याला बोलावंच लागेल असं काम सोपवावं.

"कैलासचा पोट्टा," मावशी हळूच म्हणाल्या. "तीन वर्साचा झाला तरी बोलत नोता. त्याले मी बकऱ्या हाकलाले बसोलं. पयला शब्द 'हाड' बोलला."

मी पुढचं वाचलं. रडणाऱ्या मुलाला दटावून गप्प करू नये, जवळ घ्यावं. त्याखाली होतं, निरनिराळी धान्यं एकत्र करून मुलांना वेगळी करू द्यावीत, यातून निरीक्षण वाढतं, बोटांना वळण लागतं.

इथं त्यांनी मला थांबवलं.

"हे पुस्तक आता निंघालं का?"

मी पहिलं पान पाहिलं. "नाई. पंधरा वर्सं झाले."

मावशींनी समोरच्या अंगणवाडीकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं, त्या चिडल्या होत्या.

"मंग मी मायबायायची माफी काऊन मांगत होती? मले येत होतं तं कोनी सांगतलं काऊन नाई?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दाने निवडाचं मी सहा वर्सांपयले बंद केलं, बंडूभाऊ. तुमची खुशी तवा माह्याकडं होती. तुमी ग्रामसभेत उभे झालते. हे बाई लेकरायच्या हातून आपल्या घरची डाळ निवडून घेते, असं तुमीच म्हनलं."

खरं होतं. मी उभा राहिलो होतो, लोक हसले होते, मलाही बरं वाटलं होतं. त्याच महिन्यात माझ्या लेकीला, खुशीला, व्हॅनमध्ये बसवून मी हिंगणघाटच्या इंग्रजी शाळेत घातलं.

"मावशी, मले तवा..."

"सांगू नोका," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "वाचा पुढचं."